वरच्या खोलीतलं रडणं

आई, ज्या समोरच्या बाईंना तू इथं आलीस की शेंगाचटणी द्यायचीस, त्यांच्या मुलाला परवा मी दारातून हाकललं. तुझी वरची खोली मी भाड्यानं दिलीय. टांझानियाहून फार्मसी शिकायला आलेली मुलगी राहते तिथं. तिच्याच देशाचा एक मुलगा तिच्या वर्गात आहे. दोघांचं प्रेम आहे, हे तिनं पहिल्याच आठवड्यात मला सांगून टाकलं. ती रस्त्यानं निघाली की आपले लोक तिच्या अंगावरून नजर फिरवतात. एका रिक्षावाल्यानं तर तिला 'रेट' विचारला होता. सोलापूरची म्हणून मला तेव्हाच लाज वाटली होती.

गेल्या आठवड्यात त्या मुलाची आई तिकडे वारली. मातीला पोचणं शक्य नव्हतं. भर दुपारी तो हिच्याकडे आला. मी चहा घेऊन वर जाते तर दार उघडंच. एवढा थोरला गडी जमिनीवर बसून तिच्या मांडीत तोंड खुपसून रडतोय. ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवत हळूच काही विचारते, तो सांगतो, पुन्हा रडतो. मी चहा उंबऱ्यात ठेवला आणि खाली आले.

समोरच्या बाईंच्या मुलानं त्यांच्या गच्चीवरून मोबाइलवर हे सगळं टिपलं आणि गल्लीच्या ग्रुपवर टाकलं. खाली काय लिहिलं होतं ते तुला सांगवत नाही. ज्यांच्या घरी आपण हळदीकुंकवाला जातो, तेही त्यावर हसले. परवा तोच वर तोंड करून आपल्या दारात आला.

"वहिनी, वर काय धंदे चालल्यात बघा की."

"त्याची आई गेलीय. तो रडत होता."

"रडायला पोरीची मांडी लागती व्हय?" म्हणाला आणि हसला. त्याचे ते ओले दात बघून मला पाल अंगावर पडल्यासारखं झालं. "चल, खाली हो पायरीवरून," मी ओरडले.

जिन्यात ती उभी होती. "आंटी, कमरा छोड दूँ?" तिनं विचारलं. मी नाही म्हटलं. हे आतून म्हणाले, "कशाला लोकांच्या तोंडी लागायचं? जाऊ दे की तिला." त्या क्षणी मला यांचीही किळस आली. पण ती राहिली. तोही येतो.

हे पत्र कुठंच जायचं नाही, म्हणून सांगते. त्या दुपारी तिच्या मांडीत रडणाऱ्या त्या मुलाचा मला हेवा वाटला. तू गेलीस तेव्हा मी न्हाणीत नळ सोडून रडले होते. यांनी दार वाजवलं आणि म्हणाले, "पाणी किती वाया घालवतीस?"