जटांविरुद्धचे वकीलपत्र साभार परत

चिरंजीव धाकटीस,

थोरलीचे आशीर्वाद, लागतील तेवढे. तुझा गुडघा आता जिना मान्य करू लागला, हे कळून समाधान वाटले. तुझ्या यजमानांचे पित्त लग्नाची खरेदी संपेपर्यंत शांत राहो (संपल्यावर ते उसळेलच, त्याला औषध नाही). नवरदेवास माझे आशीर्वाद सांग आणि आतापासून कमी बोलण्याचा सराव ठेव म्हणावे. माझी प्रकृती उत्तम आहे. तक्रार असती तरी मी ती पत्राच्या शेवटी, गौण मुद्दा म्हणून मांडली असती, हे तू जाणतेसच.

पत्रास कारण तू स्वतः आहेस. तुझी कन्या नोकरीनिमित्त माझ्या मागच्या खोलीत राहायला आली, त्याच दिवशी तू मला फोनवरून एक काम सोपवलेस: हिने हौसेने डोक्यावर वळून घेतलेल्या जटा भावाच्या लग्नाआधी उतरवायच्या. तुझे शब्द मला पाठ आहेत. ‘तिला सांग, कापून ये, नाहीतर येऊच नकोस. आणि ताई, तुझा अंबाडा दाखव तिला. म्हणावं, आपल्या घराण्यातले केस हे असे असतात!’ मी हयातभर तर्कशास्त्र शिकवले. वादविवादात हरलेली मुले माझ्यापुढे रडून गेली आणि जिंकलेलीही. एका पोरीचे डोके म्हणजे किस झाड की पत्ती, असे मी उघड म्हणत नाही, पण मनात तेच होते. मी वकीलपत्र घेतले.

प्रथम स्वच्छतेचा मुद्दा घेतला, कारण तो सर्वांत भक्कम दिसत होता. ती येऊन महिना होतो न होतो तोच माझ्या घरातल्या बोळात कुबट वास येऊ लागला. जिथे धूर तिथे अग्नी. तद्वत जिथे कुबट वास तिथे न धुतलेले केस. जेवणाच्या टेबलावर मी हे अनुमान पायरीपायरीने मांडले. तुझ्या लेकीने घास संपवला, माझ्या खुर्चीशी येऊन मान खाली घातली आणि म्हणाली, ‘कालच धुतलेत गं मावशी. घे, वास घे.’ (वास घेणे माझ्या विषयात कधी नव्हते, तरी घेतला.) कसलाच वास नव्हता, आणि ही गोष्ट मला मुळीच आवडली नाही.

पुढच्या खेपेस मी न्हाणीघराच्या दारात खुर्ची टाकून बसले, परीक्षक म्हणून. तुझी समजूत अशी, की जटा म्हणजे न धुणे. मीही तीच बाळगून होते, म्हणून ती चुकीची असल्याचे तुला सांगण्याचा अधिकार मला आहे. ती शाम्पू पाण्यात पातळ करून चोचीच्या बाटलीत भरते, चोच केसांच्या मुळांशी नेऊन बोटांच्या पेरांनी टाळू चोळते, नखे लावत नाही. जटांना घासत नाही. वरचा फेसच त्यांतून खाली उतरतो, आणि ओल्या स्पंजासारखी एकेक जट ती हळूच दाबते. मग पाणी, पाणी आणि पाणी, फेसाचा मागमूस मिटेपर्यंतच नव्हे, तो मिटल्यानंतरही. मी तेलाची वाटी गरम करून आणली होती (सुरुवातीचे काही महिने टाळू खाजते, हे तीच म्हणाली होती), ती तिने हसून परत पाठवली. दाट तेल आणि मलमे आत जाऊन बसतात, निघत नाहीत, आणि वर कचरा धरून ठेवतात. टॉवेलही नको, त्याचे तंतू अडकतात. जुना सुती सदरा हवा. आणि सगळ्यांत महत्त्वाचे वाळवणे: आतपर्यंत, मुळापासून, उन्हात नाहीतर पंख्याखाली. ‘ओले झाकून ठेवले ना मावशी, की कुबटतात. मग कितीही धू.’ हे वाक्य ऐकताना मला उगाच अस्वस्थ वाटले. कारण नंतर कळले.

पुढे तिला कामासाठी दोन दिवस परगावी जावे लागले. केस तिच्याबरोबर गेले; वास गेला नाही. कारण जागेवर नसताना कार्य टिकून राहते, तेव्हा प्रामाणिक माणसाने अनुमान मागे घ्यावे. मी घेतले. वासाचे खरे मूळ माझ्याच कपाटातल्या एका पत्र्याच्या डब्यात सापडले. प्रस्तुत पत्राशी त्याचा संबंध नाही.

तेव्हा युक्तिवाद सोडून मी प्रत्यक्ष प्रमाणाकडे वळले, आणि इथे मात्र माझी फसगत झाली. रविवारी दुपारी ती न्हाऊन गॅलरीत उन्हात बसली होती, माझ्याकडे पाठ करून. कोवळ्या जटा मुळाशी एकमेकींना चिकटतात, त्या धुतल्यावर बोटांनी वेगळ्या कराव्या लागतात. मागची बाजू तिला दिसत नाही, म्हणून ते काम तिने मला दिले होते. (भेद करणे हा माझा व्यवसाय असल्याने ते मला लगेच जमले.) उन्हाने तिला डुलकी लागली. माझ्या मनात आले, जट म्हणजे अखेर गुंताच. एक जरी सोडवून दाखवली तरी सिद्धान्त कोसळला. मी कंगवा आणला. कानामागची जट अर्धी सुटली, आणि कंगव्याचा दात कट्‌कन मोडला.

ती जागी झाली. मागे हात नेऊन चाचपले. ‘आईनं सांगितलं होतं ना?’ एवढेच विचारले. मी ‘हो’ म्हटले. तिने मोडका दात केसांतून काढून माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाली, ‘लहानपणी आई निदान सांगून ओढायची.’

धाकटे, तुला त्या सकाळी आठवतात का? शाळेची वेळ, तुझ्या गुडघ्यांत दाबून धरलेले ते कुरळे डोके, तुझा कंगवा, तिचे भोकाड, आणि ‘झिपरी कुठली!’ हा तुझा आशीर्वाद. नाव तू ठेवलेस. तिने फक्त ते सार्थ केले.

त्या संध्याकाळी दूध उतू गेल्याइतक्याच महत्त्वाची बातमी असल्यासारखे तिने मला स्वयंपाकघरात सांगितले, की भावाच्या लग्नाच्या दिवशी तिने कारखान्यात ड्यूटी लावून घेतली आहे. नीट ऐक. ‘कापून ये, नाहीतर येऊ नकोस’ असे दोन पर्याय तू दिलेस. तिने दुसरा निवडला. पोरगी माझे ऐकत नाही, अशी तुझी जन्माची तक्रार. या वेळी तिने तुझे अक्षरशः ऐकले आहे. पण तुझे विधानच सदोष होते. ‘न कापता ये’ हा तिसरा पर्यायही होता, तो तू उच्चारला नाहीस, आणि तू उच्चारल्याखेरीज तो ती वापरणार नाही. हट्ट घराण्यातला आहे. तेवढा मात्र खरोखर घराण्यातला आहे.

सोडवलेली जट मी तिच्या देखरेखीखाली दोन्ही तळहातांत वळून पुन्हा जागेवर आणली. तेव्हापासून मागची बाजू माझ्याकडे आहे. ती सोफ्यांना गाद्या चढवण्याच्या कारखान्यात नमुने बेतते. तिथे कापूस हवेतच तरंगतो, म्हणून डोक्याला फडके बांधून जाते, आणि तरी घरी आल्यावर मी चिमट्याने उरलासुरला टिपते. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी जिन्यात विचारले, ‘पोरीला कंगवा परवडत नाही का हो?’ मी म्हटले, ‘परवडतो. कंगव्याला ती परवडत नाही.’ बाई अजून विचार करताहेत.

सबब मी तुझे वकीलपत्र परत करते. अशील चुकीचे असताना खटला लढवता येतो. पण मी ज्या बाजूला बसले आहे तिथून समोरच्या बाजूची मुळे दिसतात.

तुझी,
थोरली

ता.क. १: तिला तू स्वतः फोन कर आणि ‘ये’ म्हण. एवढेच. ‘ये’नंतर तुझा ‘पण’ येतो, हे मला ठाऊक आहे, तो गिळ.

ता.क. २: पत्र्याच्या डब्याविषयी. त्यात माझे गंगावन होते. तू जो अंबाडा पिढ्यान्‌पिढ्यांचे लेणे म्हणून पाहुण्यांना दाखवतेस, त्यातले माझे केस लिंबाएवढे आहेत, बाकीचे दुकानातले. तुझी लेक आल्यापासून तिला दिसू नये म्हणून मी ते धुऊन अर्धवट ओले डब्यात ठेवत असे. तुझ्या लेकीने ते शोधले, धुतले, गॅलरीत तिच्या फडक्याशेजारी वाळत घातले, आणि कुणाला सांगितले नाही. आता ते मी वापरत नाही. लग्नाला जे आहे तेवढ्यानिशी येईन. चकित होणे आधीच उरकून ठेव.

ता.क. ३: पाकीट चिकटवताना फोन वाजला, तिने घेतला. मला एकच बाजू ऐकू आली. ‘हो आई… धुते गं… हो, वाळवतेसुद्धा. मावशी वाळवते.’ मग, ‘अशीच येऊ?’ मग नाक ओढल्याचा आवाज. आणि शेवटी हसून, ‘अंबाडा? ते तू तिलाच विचार.’ तेव्हा पहिला ता.क. रद्द समजावा. दुसरा तू विचारणारच आहेस म्हणून राहू देते, आणि पत्र त्याचसाठी टाकते. फोनवर मी उत्तर देणार नाही.