बिनहातांची खुर्ची

डॉक्टरीणबाई,

वजनावरच्या तुमच्या संशोधनात मी दोन वर्षं एकही तपासणी चुकवली नाही. ‘का येत राहिलात?’ या रकान्यात मी ‘औषधाचा गुण’ असं ठोकून दिलं. साफ खोटं!

मी न्हावी. दिवसभर लोकांना खुर्चीत बसवतो आणि स्वतः एकशे बावन्न किलोंचा, म्हणून उभाच. मेहुण्याकडच्या दोन खुर्च्या माझ्याखाली मोडल्या. तेव्हापासून मला पाहताच तो ओरडतो, “भावोजी, पायरीवरच बसा, तिथं वारा छान लागतो!”

तुमच्याकडे मात्र ती रुंद, बिनहातांची खुर्ची होती. आधी हातानं दाबून न बघता मी तिच्यात बसलो. तिच्यासाठीच यायचो. अकरा किलो उतरले, तो वरचा फायदा.

गुन्हाही कबूल करतो. नर्सबाईंची पाठ फिरताच मी खुर्चीचं माप घेतलं आणि सुताराकडून तशीच करून दुकानात ठेवली. आता माझ्यासारखे सगळे तिथंच येतात. केस कुणी कापत नाही, नुसते बसतात.

हे पत्र धाडणार नव्हतो, तुमचा अहवाल बिघडेल म्हणून. पण पुढच्या संशोधनाला माणसं हवीत ना? दुकानात डोकवा. एक बसलाय, सात ताटकळताहेत.

आठवा मी.

आपला,
अजून उभाच असलेला पेशंट