दुसऱ्या दिवसाचं तिकीट

प्रिय विश्वजीत,

तुझा गोल्फचा पहिला पटर, चेंडू होलमध्ये ढकलायची ती काठी, मी केला. बॅग ओढायचा दोन चाकांचा गाडा मी केला. अंगणात सरावासाठी सिमेंटचा उतार ओतला, मीटरमागं बरोब्बर दोन सेंटिमीटर, लेव्हल लावून. पटरचं डोकं पितळेचं, तीनशे बावन्न ग्रॅम, कल तीन अंश. कुणी शिकवलं नाही. भंगारात आलेली मोडकी काठी लेथवर ठेवून मापं घेतली आणि करत गेलो. माझं माप चुकत नाही, हा माझा जुना माज तुला ठाऊक आहे.

पुण्याच्या स्पर्धेआधी गल्लीला मीच शिकवत होतो. स्पर्धा चार दिवस चालते, रोज अठरा होल, एकूण बहात्तर, आणि दोन दिवस झाले की निम्म्याहून जास्त लोक घरी. त्याला कट म्हणतात. रामकिसन म्हणाला, "चार दिवस? म्हणजे कसोटीपेक्षा एकच कमी. अन् एवढं चालून शेवटी वाटीत गोळी टाकायची व्हय?" सगळे हसले, मीही हसलो. तुझी आई हसली नाही. तिनं विचारलं, "चार दिवसांचा खेळ हाय, मग तुमचं तिकीट कधीचं?" मी म्हणालो, बघू. खरं तर तिकीट काढून झालं होतं. मंगळवारी स्पर्धा सुरू आणि बुधवारी संध्याकाळी सहाची परतीची बस. आधीच्या सहाही स्पर्धांत तू दुसऱ्या दिवशीच बाहेर पडला होतास. मी सरासरी काढली आणि तिकीट काढलं, जसा पत्रा मोजून कापतो तसं.

बुधवारी चारला यादी लागली. तू कटच्या रेषेवर होतास, एकही फटका जास्त नाही. पळत आलास, गळ्यात पडलास आणि म्हणालास, "अप्पा, उद्यापण खेळायचंय." मी काय बोललो? कारखान्यातून फोन आलाय, अर्जंट ऑर्डर आहे, निघावं लागंल. तू मान हलवलीस आणि पाण्याची बाटली घ्यायला माझ्या पिशवीत हात घातलास. तिकीट वर आलं. त्यावर काढल्याची तारीख छापलेली होती, तेवीस दिवस आधीची. तू ते वाचलंस, त्याच घडीवर परत दुमडलंस, माझ्या हातात दिलंस. एवढंच म्हणालास, "निघा अप्पा, गाडी चुकंल."

तिथंच ते फाडायला हवं होतं. पण फाडलं असतं तर ऑर्डर खोटी होती हे कबूल करावं लागलं असतं. म्हणून गेलो. स्वतःचं खोटं खरं करायला माणूस साडेपाच तास बसमध्ये बसून राहतो, विश्वजीत. पुढचे दोन दिवस मी बिडकीनला आपल्या कारखान्याच्या शेडमध्ये फोनवर आकडे बघत होतो. तू एकोणिसावा आलास. बहात्तरपैकी छत्तीस होल मी पाहिले. शुक्रवारी रामकिसन पेढे मागायला आला आणि सहज बोलला, "खेळ आज संपला ना? मग तुम्ही कालपासून इथं कसं?" मी पेढ्यांचा डबा पुढं केला. तुझ्याशीही आठ महिने यावर बोललो नाही. तू आईला फोन करतोस, मी शेजारच्या खोलीत ऐकतो.

आता नागपूरला तुझी स्पर्धा दहा ते तेरा तारखेची, हे आईकडून कळलं. यायचं आहे, चारही दिवस. परतीचं तिकीट काढलेलं नाही. तू नको म्हणालास तर येणार नाही, ते तुझ्यावर आहे. पण हे पत्र लिहायचं कारण वेगळंच आहे. परवा पुण्याचा एक दुकानदार शेडवर आला. तुझ्या पटरसारखेच चाळीस पटर हवेत म्हणाला, हातानं केलेले, माझं नाव कोरून. मला आयुष्यात अशी ऑर्डर आली नव्हती. माल बारा तारखेला मी स्वतः पुण्यात पोचवायचा, ही त्याची अट. बारा म्हणजे तुझा तिसरा दिवस. मी त्याला नाही म्हणालो. एकाचे सहा हजार पाचशे, चाळीसचे दोन लाख साठ हजार.

तुझाच,
अप्पा