खार बसते कुठे

१२ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

लिहायचं टाळत होते, हे आधीच कबूल करते. तीन पत्रं सुरू केली, तिन्हींच्या पाठीवर सामानाच्या याद्या झाल्या. आठ दिवसांसाठी बाबांकडे आले होते, त्याला तीन महिने झाले. तुझी भिंगरी एका जागी टिकलीय, यावरूनच काहीतरी बिनसलंय हे तू ओळखलं असशील.

बाबांच्या टीव्हीवरच्या गणिताच्या कार्यक्रमात मलाही काम दिलंय. बाबा खरेखुरे मास्तर, पण त्यांची विद्यार्थिनी म्हणजे कार्टूनमधली खार, ती चित्रीकरण झाल्यावर मागाहून चितारून घालतात. तोवर तिच्या जागी मी टेबलाआड उकिडवी बसून काठीवर पिवळा चेंडू धरते. बाबांनी त्याच्याकडे बघून पाढे शिकवायचे. (टेबलाच्या खालच्या बाजूला किती च्युइंगम चिकटवलेत म्हणून सांगू! असो.)

ताई, बाबांना चेंडू दिसतच नाही. मोतीबिंदू पिकलाय. कामावर कुणाला कळू द्यायचं नाही, अशी मला शपथ घातलीय. म्हणून मी चेंडू डोक्याशी धरून जोरात नाक ओढते आणि ते आवाजाकडे बघतात. आवाज टिपणाऱ्यानं मला सर्दीच्या गोळ्या आणून दिल्यात. ऑपरेशनचं काढलं की म्हणतात, महिनाभर घरी बसलो तर माझ्या जागी चितारलेला मास्तर येईल. फार दमलेय गं.

आहे तो लोभ पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी भिंगरी

१९ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले, मग दूध उतू घालवलं. लहानपणी बाबांचा चष्मा लपवायचीस, आता त्यांचं न दिसणं लपवतेस. पुरे झालं. तू नाक ओढतेस तोवर ते डॉक्टरकडे जायचे नाहीत. शपथ मोड, पाप मला लागू दे. गुडघ्यांना तेल लाव आणि रागावलीस तरी लिहीत जा.

तुझी ताई

२ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं. आठवडाभर नाक ओढलं नाही. बाबा कधी फळ्याच्या कोपऱ्याकडे, कधी खिडकीकडे बघून सात त्रिक एकवीस समजावत राहिले, तेही अगदी मायेनं. शनिवारी सगळे ते चित्रीकरण बघायला बसलो. आमचा चित्रकार, त्याला रेघोट्या म्हणतात, कागद आपटून ओरडला, की खार काय आता भिंतीत काढू? बाबांनी उठून सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की मला दिसत नाही.

तेव्हापासून खुर्चीत बसून आहेत. डॉक्टरचं नाव काढू देत नाहीत. म्हणतात, जागा गेली, आता डोळे घेऊन करू काय? मी रोज बॅग भरते आणि टॉवेल लागला की पुन्हा उघडते.

रागावलेय, तरी तुझीच,
भिंगरी

ता. क. पाकीट चिकटवतच होते, तर रेघोट्या आलाय! चार जिने चढून धापा टाकतोय, काखेत कागदांचा गठ्ठा. बाबा जिथं जिथं बघत होते तिथं तिथं त्यानं खार बसवलीय: फळ्यावर, खिडकीत, एकदा तर पंख्यावर. म्हणतो, महिनाभराचे भाग निघाले, मास्तरांनी निवांत डोळे करून यावं. बाबा एकेक कागद नाकाशी धरून बघतायत.