बाप जिता असताना उतरलेली मिशी

आसेगाव

चिरंजीव अमरदीपले थोरल्या भावाचा आशीर्वाद. धाकली सून अन लेकरं खुशाल असान. तुहं पोट आता कसं हाय? इकडं आमी सारे मजेत हाओ. बाबा पण. हे 'बाबा पण' दोनदा वाच, कारण शिरपुरात ते कोणी मानून राह्यलं नाही. फोन केला असता, पण तू हसत सुटतं अन मले राग येते, म्हणून पुण्याले येणाऱ्या जगदेवच्या हातानं पत्र धाडतो.

दिवाळीत तू मले ते स्टीलचं रेझर देल्लं, अन कारखान्यात मशीनवर असतं म्हणून व्याख्यानही देल्लं. पातं कागदावानी पातळ असते, झाकण त्याले वाकवून दाबते म्हणून ते ताठ राह्यते, धार दाबाच्या जितकी जवळ तितकी कमी हालते, वगैरे वगैरे. (तू बोलत होता तवा माहं ध्यान चकलीत होतं.) मले दिसलं एवढंच, का धार चोरावानी जराशी बाहीर डोकावते. एवढ्यानं माही दाढी निघीन काय? माही दाढी म्हणजे तुरीच्या खुट्या! म्हणून मी डोकं लढवलं, अन फवारणीच्या पंपाचं रबरी वॉशर पात्याखाली बसवलं. पातं उचललं गेलं, धार मस्त बाहीर आली. येत्या रविवारी आपल्या रुचिकाच्या सोयरिकीले शिरपूरचे पाव्हणे येणार होते, पोरीचा बाप चकचकीत दिसाले पाह्यजे ना!

गालावरच पातं कटकट करू लागलं. खालून टेकू नाही, धार अधर. मी म्हटलं, करू दे कटकट, घरात सारेच करते. नाकाखाली आलो त असं थरथरलं, का अर्धी मिशी साबणात! आता अर्धी घेऊन कुठं हिंडू? उरलेलीही काढली.

अन तिथंच मी गाढव ठरलो. आपल्याकडं माणूस मिशी कवा काढते? बाप गेल्यावर! तोंड पुसत ओट्यावर आलो, त शेजारची भुरीबाई दूध घेऊन जाऊन राह्यली होती. माहं तोंड पाह्यलं, चरवी खाली ठेवली अन असा हंबरडा फोडला का कुत्रे पळाले. मले बोलूच देईना. पाहता पाहता आंगण भरलं, अन गावाच्या ग्रुपवर बाबाचा हार घातलेला फोटो. (हार तुह्या लग्नातला हाय. फोटो बरा आला.) बाबा मागं गोठ्यात होते. ते आले अन दाराआड उभे राहून लोकायनं केलेली तारीफ ऐकू लागले. मी हात धरून ओढलं त म्हणे, थांब ना बे, सोमलाचं व्हायचं हाय. (शेताच्या धुऱ्यावरून ज्याच्याशी जलमभर बोलले नाही, तोच सोमला. तो त धाय मोकलून रडला.)

शेवटी बाबा बाहीर आले, ते जिते हाय याची गावाची खात्री पटली, पण फोटो शिरपूरले पोचला होता. निरोप आला, तुमच्या घरी दुःख हाय, वरीसभर काही नको. बाबाले फोनवर बोलवलं, त शिरपूरवाले म्हणे आवाज कोणीही काढते. व्हिडिओवर दाखवलं, त म्हणे आजकाल मोबाईलमधी मेलेले माणसंही नाचते. घ्या! रुचिकाले पोरगा लय पसंत हाय रे. ती माह्याशी बोलत नाही, उशीत तोंड खुपसून रडते. तिची माय मले नुसतं पाहून तोंड फिरवते.

बाकी ठीक. पाऊसपाणी बरं हाय.

तुहा दादा,
मदनसिंग

ता. क. रेझरचा काही दोष नाही, वॉशर काढलं त लोण्यावानी चालते. तू मात्र रविवारच्या आत ये, अन मिशी ठेवून ये! बाबा, तू अन मी शिरपूरले जाऊ. धाकल्याची मिशी जाग्यावर हाय म्हणजे बाप जिता, हे त्यायलेही समजीन. (मी तोंडाले रुमाल बांधीन.)

आखरी ता. क. हे लिहून राह्यलो तवा बाबा बाजूले येऊन बसले. माह्या तोंडाकडं लय वेळ पाह्यलं. मंग माह्या वरच्या ओठावरून बोट फिरवलं अन म्हणे, "मी गेल्यावर तू असा दिसशीन होय? बरं झालं, पाहून घेतलं." मले रडूच आलं, अम्या. तू लवकर ये.