हात मोडल्यानंतरचे चार दिवस

आई,

तू गेलीस त्याला सत्तावीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुला काही सांगावं असं मला फारसं वाटलं नाही, हे आधीच कबूल करते. आज लिहितेय ते एका संशयापायी. संशय घेणं हा आता माझा पोटापाण्याचा उद्योगच आहे. हिंजवडीतल्या एका कंपनीत दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका मी शोधते. एखादा बिघाड आपोआप नाहीसा झाला की माझ्या हाताखालची मुलं खूश होतात, आणि मी त्यांना त्याची नोंद बंद करू देत नाही. का गेला ते कळल्याशिवाय तो गेला असं मी मानत नाही. म्हणून गेल्या गुरुवारी सकाळी जाग आली आणि आपल्याला चक्क उठावंसं वाटतंय हे लक्षात आलं, तेव्हा मला आनंदबिनंद झाला नाही. पलंगावर बसून मी आधी विचार केला, की हे मला कोण फसवतंय?

गेली दोन वर्षं मला तुझंच दुखणं आहे. तुझ्या वेळी त्याला आपल्या घरात नाव नव्हतं. बाबा म्हणायचे, "तिला जरा बरं नाही," आणि आत्या म्हणायची, "तिला काय झालंय, सगळं हातात तर मिळतंय." आता त्याला डिप्रेशन म्हणतात आणि रीतसर गोळ्या मिळतात. त्या मी घेतल्या, बदलून घेतल्या, पण फरक पडला तो इतकाच की रडू यायचं थांबलं. मग बुधवारी कोथरूडमधल्या एका दवाखान्यात मला खुर्चीत बसवून शिरेतून एक औषध दिलं. डॉक्टर बाई माझ्याच वयाच्या, तुटक बोलणाऱ्या. मी विचारलं, गोळ्यांना आठवडे लागतात आणि हे एका दिवसात कसं काय? त्या म्हणाल्या, "मेंदूतल्या पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. मध्ये बारीक फट असते. एक पेशी रसायन सोडते, दुसरी ते झेलते. तेच त्यांचं बोलणं. तुमच्या गोळ्या त्या फटीत एक रसायन जास्त वेळ रेंगाळू देतात. हे औषध वेगळ्याच रसायनाचं दार अडवतं. काही तासांत बोलण्याची रीत बदलते, आणि सुकत चाललेल्या जोडण्या पुन्हा फुटायला लागतात असं दिसलंय. निदान उंदरांत."

"आणि माणसांत?"

"माणसं बरं वाटतंय म्हणतात. का, ते अजून पुरतं कळलेलं नाही. आणि हे टिकत नाही हो, आधीच सांगते. कुणाला काही दिवस, कुणाला काही आठवडे. मग परत द्यावं लागतं." नंतर कागदावर लिहिता लिहिता त्या सहज म्हणाल्या, "नवीन काही नाही यात. जुनं भुलीचं औषध आहे. हाड बसवायला वगैरे पूर्वी सर्रास द्यायचे."

हाड बसवायला म्हटल्यावर मला तूच दिसलीस, डावा हात प्लास्टरमध्ये घालून गॅलरीत उभी राहिलेली. मी तेव्हा पंधरा वर्षांची, दहावीत. तू सात-आठ महिने भिंतीकडे तोंड करून पडलेली असायचीस. मग न्हाणीघरात पाय घसरला, मनगट मोडलं, आणि बाबांनी तुला रिक्षात घालून हाडांच्या दवाखान्यात नेलं. भूल देऊन हात बसवला आणि संध्याकाळी घरी आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठते तर स्वयंपाकघरात रवा भाजल्याचा वास, आणि तू एका हाताने कढईत उलथनं फिरवतेयस. केस धुतलेले. मला म्हणालीस, "वेणी घाल गं माझी, एका हाताने जमत नाही." मग गॅलरीत गेलीस. वरच्या काकूंनी झाडलेला केर आपल्या तुळशीत पडला होता. तू वर बघून म्हणालीस, "अहो, तुमचा केर आमच्याकडे सुखरूप पोचला बरं का. न्यायला येताय, की मुक्कामालाच पाठवलाय?" बाबा आत दाढी करत होते, ते इतके हसले की गाल कापला. सबंध वाक्य बोललेलं आम्ही तुला कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं.

असे चार दिवस गेले. चौथ्या दिवशी आत्या आली, तुला हिंडतंफिरतं बघितलं आणि म्हणाली, "हात मोडला आणि डोकं ठिकाणावर आलं म्हणायचं." त्यावर मी बोलले. "हवं तेव्हा जमतं की तुला," असं मी म्हणाले. तू आमटी वाढत होतीस. डाव पातेल्यात ठेवलास आणि "हो गं" म्हणालीस. पाचव्या दिवशी तू परत भिंतीकडे तोंड करून झोपलीस. नंतर सहा वर्षांनी काविळीने गेलीस, तोवर कुणीही कसं वाटतंय विचारलं की तुझं उत्तर एकच, "बरी आहे."

म्हणून गुरुवारपासून मी घरात बरं वाटत असल्याचं कुणाला कळू दिलेलं नाही. नवऱ्याने विचारलं तर "तसंच आहे" म्हणते. मुद्दाम हळू चालते, चहा अर्धा ठेवते. या वयात मी बरं नसल्याचं सोंग करतेय, कारण माझीही मुलगी पंधरा वर्षांची आहे आणि मला तिची भीती वाटते. पण काल सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला, पार्किंगबद्दल, आणि माझ्या तोंडून गेलं, "गाडीला जागा देताय, की घडी घालून कपाटात ठेवू?" फोन ठेवला तर मुलगी दारात. "आई, तू बरी आहेस ना? खरं सांग." मी म्हणाले, "आज आहे." आणि मी तुला म्हणाले होते ते वाक्य यायची वाट बघत उभी राहिले. ती जवळ आली, माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवली आणि म्हणाली, "मग उद्या नसलीस तरी सांग."

बाबांच्या कपाटातून मी तुझी फाइल काढली. कागद पिवळा पडलाय, त्यावर "भूल देऊन हात बसवला" एवढंच लिहिलंय. औषधाचं नाव नाही. डॉक्टर बाईंना फोटो पाठवला तर त्यांचं उत्तर आलं, "असू शकेल. सिद्ध होणार नाही." हे पत्र आता त्याच फाइलमध्ये ठेवतेय.

त्या कागदावर मी नाव शोधत होते ते तुझ्यासाठी नव्हे, आई. नाव सापडलं असतं तर पाचव्या दिवशी औषध उतरलं म्हणून तू झोपलीस असं मला म्हणता आलं असतं. मी बोलले म्हणून नाही.