मागे मागे येणारा घोडा

रविवार संध्याकाळ, लखनौ

आज मुलीसमोर पार अब्रू गेली. तिच्या व्हिडिओ गेममधलं अख्खं राज्य मी महिनाभर पायी तुडवतेय. घोडा आपला मागे मागे येतो. त्याला रोज गाजर देते, चौकातल्या टांग्याच्या घोड्यांना गूळ देते तसंच. मला वाटलं, पाळलेला आहे!

आज जुईनं पाहिलं आणि किंचाळलीच. "मम्मी, पैदल क्यों? घोड़े पे बैठो ना!"

बसायचं असतं? कुणी सांगितलं होतं का मला?

बसले. डोंगर कधी आला, कधी गेला, कळलंच नाही. ओढ्याकाठची माझी फुलंही दिसली नाहीत. आणि गाजर राहिलंच.

जुई उठून गेल्यावर गुपचूप खाली उतरले. आधी त्याला गाजर दिलं. मग दोघं चालू लागलो.